गाडीमागे धावणारा कुत्रा आणि पहाटेचा कामगार

गाडीखालून चालणाऱ्या कुत्र्याला वाटते की गाडी आपणच ओढतो, असे आपल्याकडे म्हणतात. दुसऱ्याच्या कष्टावर मोठेपणा मिरवणाऱ्याला ही म्हण चपखल बसते आणि राजकारणात अशी उदाहरणे रोज भेटतात. पण आजचा विषय तो नाही. आजचा विषय खऱ्या कुत्र्याचा आणि खऱ्या गाडीचा आहे. बैलगाडी होती तोवर कुत्रा तिच्या सावलीत, तिच्या चालीने चालत असे. मोटार आली, मोटारसायकल आली आणि तोच कुत्रा गाडीच्या मागे लागला. का लागला? आणि अजूनही लागतो का?

प्रश्न पोरकट वाटेल. मलाही वाटला असता. पण २०२४ च्या हिवाळ्यात आमच्या वस्तीतला एक सफाई कामगार हाताला झोळी बांधून माझ्याकडे आला. वय अडतीस. ठेकेदाराकडे कामाला. पहाटे पाचला हजेरी, म्हणून साडेचारला मेहुण्याची मोटारसायकल घेऊन घरातून निघाला. एका वळणावर तीन-चार कुत्री अंगावर आली. घाबरून त्याने गाडीचा वेग वाढवला, एक पाय वर घेतला, तोल गेला आणि गाडीसकट तो रस्त्यावर आडवा झाला. कॉलर बोन मोडले. कुत्र्यांनी त्याला चावा घेतला नाही. तो पडताच ती थांबली, थोडी भुंकली आणि निघून गेली.

पोलिसांनी विचारले, "धडक कोणी दिली?" हा म्हणाला, "कोणीच नाही, कुत्री मागे लागली." कागदावर शेवटी उतरले ते एवढेच की चालक स्वतःच्या निष्काळजीपणाने पडून जखमी झाला. "वकीलदादा, मी निष्काळजी होतो का?" हा त्याचा प्रश्न होता. त्याचे उत्तर द्यायचे तर कुत्रा गाडीमागे का धावतो हे आधी समजून घ्यावे लागते.

कुत्रा हा लांडग्याच्या कुळातला. माणसासोबत त्याला पंधरा हजार वर्षे तरी झाली. मोटारीला अजून दीडशे वर्षेही झालेली नाहीत. कार्ल बेंझने पेटंट घेतले ते १८८६ मध्ये. म्हणजे मोटारीमागे धावण्याची खोड मोटारीमुळे तयार झालेली नाही, ती आधीपासूनच आहे. शिकारी प्राण्याच्या वागण्याची एक साखळी असते: भक्ष्य हेरणे, नजर रोखणे, दबा धरून जवळ जाणे, पाठलाग, पकड, ठार मारणे, फाडून खाणे. रेमंड आणि लोर्ना कॉपिंजर या अभ्यासक दांपत्याने २००१ च्या आपल्या पुस्तकात ही साखळी चांगली उलगडून दाखवली आहे. कुत्रा माणसाळला तेव्हा ही साखळी तुकड्यातुकड्यांत मोडली. मेंढ्या वळवणाऱ्या बॉर्डर कॉली कुत्र्यात नजर रोखणे, दबा आणि पाठलाग हे माणसाने निवडून निवडून वाढवले आणि पुढचा चावा दाबून टाकला. आपल्या गल्लीतल्या कुत्र्याची अशी निवड कोणी केली नाही, पण पाठलागाची कडी त्याच्यातही शाबूत आहे. समोरून काहीतरी वेगाने दूर जाऊ लागले की ती कडी आपोआप जुळते. त्याला गाडी खायची नसते. गाडी पकडून करणार काय, हा विनोद जगभर सांगतात. विनोदाची जागा चुकते, कारण धावणे हेच तिथे पूर्ण काम असते.

दुसरे कारण हद्दीचे. गावठी कुत्री टोळीने राहतात आणि टोळीची हद्द ठरलेली असते, एखाद्या खांबापासून एखाद्या नाल्यापर्यंत. ज्यांनी रात्री मोटारसायकल चालवली आहे त्यांनी पाहिले असेल की मागे लागलेले कुत्रे एका ठराविक जागी थबकते आणि तिथून पुढे दुसरी टोळी सुरू होते. त्यात आपल्या टायरवर दुसऱ्या वस्तीतल्या कुत्र्यांनी मुतून ठेवलेले असते. आपल्याला तो नुसता टायर दिसतो. कुत्र्याच्या नाकाला तो परक्याचा सातबारा आहे, आणि तोही आपल्या हद्दीत फिरणारा.

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. कुत्रा भुंकत गाडीमागे धावतो आणि गाडी निघून जाते. ती तशीही जाणारच होती. पण कुत्र्याच्या लेखी निकाल स्पष्ट असतो: मी धावलो म्हणून ती पळाली. असा निकाल रोज रात्री दहा वेळा त्याच्या बाजूने लागतो. गाडीखालच्या कुत्र्याची म्हण इथे तंतोतंत खरी ठरते, फक्त ओढण्याऐवजी हाकलण्याचे श्रेय तो घेतो. आणि चालक वेग वाढवतो तेव्हा या निकालावर शिक्कामोर्तबच होते. मोठ्या कुत्र्यांचे पाहून पिल्लेही हेच शिकतात. एकाने सुरुवात केली की बाकीची कशासाठी धावायचे हे न पाहताच उठतात. (माणसांच्या जमावाबद्दल इथे काही लिहायचा मोह होतो, पण तो आवरतो.)

पिसाळलेल्या कुत्र्याचा आणि या पाठलागाचा गोंधळ करू नये. हद्दीवर येऊन थांबणारा कुत्रा पिसाळलेला नसतो. मात्र चावा किंवा ओरखडा बसला तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुवून त्याच दिवशी लस घेतली पाहिजे. रेबीज एकदा उमटला की जवळपास कोणीच वाचत नाही. इथे गंडेदोरे आणि मिरचीपूड लावण्याला जागा नाही.

आता दुसरा प्रश्न. कुत्रे अजून गाडीमागे धावतात का? परदेशात राहणारे आपले लोक सांगतात की तिकडे हे दृश्य दिसतच नाही. खरे आहे. तिकडच्या कुत्र्याचा स्वभाव बदललेला नाही. तो कुंपणात किंवा दोरीला आहे इतकेच. ब्रिटनमध्ये बेवारस कुत्रा उचलून ठेवण्याची जबाबदारी १९९० च्या पर्यावरण संरक्षण कायद्याने स्थानिक कौन्सिलवर टाकली आहे. दोरी सुटली की तोच कुत्रा सायकलस्वारामागे लागतो. आपल्याकडे २०१९ च्या पशुगणनेत रस्त्यावरचे कुत्रे १ कोटी ५३ लाखांवर मोजले गेले, त्यांतले महाराष्ट्रात सुमारे पावणेतेरा लाख. म्हणजे आपल्याकडे प्रश्न जिवंत आहे.

पण नीट पाहा. भर दुपारी त्याच वळणावरून शेकडो गाड्या जातात आणि तीच कुत्री रस्त्याच्या कडेला पाय ताणून झोपलेली असतात. हॉर्न वाजला तरी कान हलवतात, उठत नाहीत. शेकडो गाड्यांमागे कोणी धावू शकत नाही. रोजच्या रहदारीची सवय होऊन जाते. रात्री रस्ता मोकळा होतो, हद्द पुन्हा कुत्र्यांची होते आणि एकटी येणारी गाडी ही घटना ठरते. तीही बंद काचांची मोटार असेल तर कुत्रा चार उड्या मारून सोडून देतो आणि आतल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. पण दुचाकीवर माणसाचा पाय उघडा असतो, हलता असतो आणि कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असतो.

मग मला सांगा, रात्री दोन ते पहाटे पाच या वेळेत दुचाकीवर कोण असते? दूध टाकणारा, पेपर टाकणारा, पाळी संपवून निघालेला वॉचमन, हॉस्पिटलातली आया, जेवणाची पार्सले पोहोचवणारा पोरगा आणि झाडू घेऊन निघालेला सफाई कामगार. कुत्रे जात पाहत नाही, वर्ग पाहत नाही. पण त्या वेळी त्या रस्त्यावर कोण असेल हे कुत्र्याने ठरवलेले नाही.

कायदा या माणसाला काय देतो? उसनी गाडी घेऊन पडलेला माणूस मालकाच्याच जागी उभा राहतो, म्हणून त्याच गाडीच्या मालकाविरुद्ध किंवा विमा कंपनीविरुद्ध त्याला दोषाविना भरपाई मागता येत नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने निंगम्मा प्रकरणात २००९ मध्ये मांडले आणि रामखिलाडी प्रकरणात २०२० मध्ये पुन्हा सांगितले. निंगम्मा प्रकरणातला माणूस उसन्या मोटारसायकलवर होता आणि त्याची धडक बैलगाडीला बसली होती. विम्यासोबत मालक-चालकाचे अपघात संरक्षण असते; २०१८ मध्ये विमा नियामकाने त्याची रक्कम १५ लाख केली. पण ते परवानाधारक मालकाला, तेही मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी. मेहुण्याची गाडी आणि मोडलेले कॉलर बोन त्यात बसत नाही. म्हणून माझी विनंती आहे की रात्रपाळीला जाणाऱ्याने शक्यतो स्वतःच्या नावावरची, विमा चालू असलेली गाडी वापरावी. हे सांगणे सोपे आहे, गाडी घेणे सोपे नाही, हे मला माहीत आहे.

महापालिकेचे काय? पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये मोकाट जनावरांमुळे होणाऱ्या अपघातांसाठी जिल्हावार समित्या नेमायला सांगितले आणि कुत्र्याच्या चाव्याला दर दातामागे किमान १० हजार रुपये ठरवले. तो निकाल महाराष्ट्रावर आपोआप लागू होत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्ड्यामुळे मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख देण्याचा आदेश दिला. खड्डा ही महापालिकेची जबाबदारी, मग खड्ड्याशेजारी साठलेला कचरा आणि त्यावर पोसलेली टोळी कोणाची? कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे, असे २००१ चे नियमही सांगत होते आणि त्यांच्या जागी आलेले २०२३ चे नियमही सांगतात.

२०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात यावरून जे घडले ते सर्वांनी पाहिले. ११ ऑगस्टला दोन न्यायमूर्तींनी दिल्ली परिसरातली सगळी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा, परत सोडू नका, असे सांगितले. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींनी ते बदलले: नसबंदी आणि लस देऊन कुत्रा त्याच जागी सोडा, पिसाळलेला आणि आक्रमक मात्र सोडू नका. ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वे स्थानके यांच्या आवारातली कुत्री तिथे परत सोडू नका, असा आदेश झाला. टीव्हीवर दोन तट पडले, मेणबत्त्या निघाल्या. श्वानप्रेमी बोलले, सोसायट्यांचे अध्यक्ष बोलले. पहाटे साडेचारला त्या रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाला मात्र कोणत्याही चॅनेलवर मी पाहिले नाही.

या गदारोळात मला कुक्कुर जातक आठवले. जातककथा शब्दशः घ्यायच्या नसतात, हे आपल्या वाचकांना सांगायला नको; पण ही कथा प्रत्येक वकिलाने वाचावी अशी आहे. वाराणसीच्या राजाचा रथ रात्री अंगणात राहतो, पावसाने चामडी वाद्या भिजतात आणि कुत्री त्या खाऊन टाकतात. सेवक सांगतात की बाहेरची कुत्री गटाराच्या वाटेने शिरली. राजा हुकूम सोडतो: दिसेल तो कुत्रा मारा. स्मशानात राहणाऱ्या कुत्र्यांचा नायक, म्हणजे बोधिसत्त्व, दरबारात येऊन विचारतो, सगळीच कुत्री मारता का? राजा म्हणतो, राजवाड्यातली जातिवंत सोडून. मग हा न्याय कसला, असे विचारून तो राजवाड्यातल्या कुत्र्यांना ताकात कालवलेले दर्भ खाऊ घालायला लावतो. त्यांच्या ओकारीतून चामडे बाहेर पडते. या कथेत चौकशीच्या आधी शिक्षा आहे, आणि शिक्षेत आतला-बाहेरचा हा भेदही आहे.

म्हणून मीही चौकशीला गेलो. त्या वळणावर मटणाच्या दुकानाचा कचरा पडतो, खांबावरचा दिवा बंद होता आणि ढिगामागे एका कुत्रीची पिल्ले होती. चार कुत्र्यांपैकी एकाच्याच कानाला नसबंदीची खूण. पहाटे स्कूटर घेऊन गेलो. वेगात गेलो तेव्हा काळा कुत्रा मागे लागला. परत फिरून अगदी हळू, पाय न उचलता, त्याच्याकडे न पाहता गेलो तेव्हा तो उठला, हुंगला आणि उभा राहिला. थांबलेली गाडी त्याच्या कामाची नव्हती. पळणारच नाही त्याला हाकलणार काय? पण हे शहाणपण चार कुत्री अंगावर आल्यावर अंधारात सुचत नाही. माझे गुडघेही कापत होतेच.

त्या कामगारासाठी वाट सापडली ती वेगळ्याच ठिकाणी. कामावर जाता-येता झालेला अपघात कामावरचाच मानावा, असे राज्य विमा कायद्याच्या ५१-ई कलमात २०१० पासून होते आणि २१ नोव्हेंबर २०२५ ला लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती तरतूद आहे. अडचण एकच: ठेकेदाराने त्याचे नाव कधी नोंदवलेच नव्हते. हजेरीच्या वहीत तो आहे, विम्याच्या यादीत नाही. दावा आता त्यावर आहे, आणि कुत्र्याचे नाव त्यात साक्षीपुरतेच येते.

वॉर्ड ऑफिसला केलेल्या तिसऱ्या अर्जानंतर खांबावरचा दिवा लागला. कचरा तिथेच आहे. तो सांगतो की त्या वळणावर आता तो पहिल्या गिअरमध्ये जातो. काळा कुत्रा उठतो, दोन पावले येतो आणि परत आडवा होतो. दाव्याची पुढची तारीख पुढच्या महिन्यात आहे.