चिखलपाण्यात जीपचा क्लच सांभाळा

मृग बरसला की बियाणे, खत आणि माणसे घेऊन जीप शेताच्या वाटेला लागते. पेडणे-डिचोलीत अशी वाट क्वचितच असेल जिच्या आड एखादा ओहोळ येत नाही. ऐन लावणीत क्लच गेला तर इंजिनापासून गिअरबॉक्स सोडवावी लागते. खर्च होतोच, पण त्याहून मोठे नुकसान फुकट गेलेल्या दिवसांचे.

जीपचा क्लच कोरडा असतो. इंजिनाचे फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये घर्षणाचे अस्तर लावलेली तबकडी आवळून धरलेली असते. पेडल दाबले की ही पकड सुटते व मध्ये फट पडते. म्हणून पाण्यात पेडल दाबणे वाईट: त्या फटीतून पाणी आणि बारीक रेती आत शिरते. मग क्लच घसरतो, अस्तर झिजते, रिलीज बेअरिंग कुरकुरू लागते. खाणपट्ट्यातला तांबडा चिखल तर वाळला की पॉलिश-कागदासारखा घासतो.

यासाठी पाण्यात उतरण्यापूर्वीच थांबावे. खोली काठीने पाहावी. पाणी वाहते असेल आणि तळ दिसत नसेल, तर परत फिरण्यात कमीपणा नाही. उतरायचे ठरल्यास चारही चाकांची जोडणी व लहान गिअर काठावरच घालावा आणि पलीकडे पोचेपर्यंत डाव्या पायाला काम देऊ नये. चढावर अर्धा क्लच धरून तापवलेली गाडी लगेच पाण्यात घालू नये. तापलेली पेटी एकदम थंड झाली की फटींतून पाणी आत ओढते.

क्लचच्या पेटीच्या तळाशी बहुधा एक छोटे भोक असते. गळलेले तेल आणि पाणी बाहेर पडावे, हा त्याचा हेतू. ते चिखलाने बुजलेले नाही ना, हे पाहावे. काही जीपना या भोकासाठी बूच मिळते. ते पाण्यापूर्वी लावावे व नंतर आठवणीने काढावे, नाहीतर तेल आतच साचून तबकडीवर येते. गाडी धुताना पाण्याचा जोरदार फवारा या भागावर मारू नये.

ओहोळ ओलांडल्यावर सपाट जागी चार-पाच वेळा गाडी हळू उचलावी; थोड्या घर्षणाने तबकडी सुकते. ओली गाडी आठवडाभर तशीच उभी राहिली तर तबकडी गंजाने फ्लायव्हीलला चिकटू शकते. काही ट्रॅक्टरना क्लच दाबून ठेवणारा आकडा असतो तो याचसाठी. जुलै २०२१ च्या पुरासारखी वेळ येऊन गाडी बुडाली, तर ती सुरू करून पाहण्याचा मोह टाळावा व आधी मेस्त्रीला दाखवावी. पॉवर टिलरचा मुख्य क्लचही बहुधा कोरडाच असतो. चिखलणी संपली की त्याचे झाकण व पट्ट्यांभोवतीचा चिखल त्याच संध्याकाळी काढावा.

एक गोष्ट प्रकृतीची. जुन्या क्लचच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असे. त्याची धूळ फुप्फुसाला घातक आहे. क्लच उघडल्यावर ती फुंकून किंवा हवा मारून उडवू नये. ओल्या फडक्याने पुसावी आणि फडके पिशवीत बांधून टाकावे. गॅरेजमध्ये काम शिकणाऱ्या मुलांना हे अवश्य सांगा.