घोडा कान टवकारतो तेव्हा

आषाढी वारीसाठी पैठणहून निघालेली एकनाथांची पालखी परंड्यावरून पंढरपूरकडे जाते. या वाटेवर रिंगणं होतात. पताकांच्या गोलात अश्व सुटतो, धूळ उडते आणि तो पुढे गेला की माणसं वाकून टापांखालची माती कपाळाला लावतात. त्याच दिवसांत शेगावची पालखी धाराशिव, तुळजापूर करत सोलापूरच्या रस्त्याला लागलेली असते. अणदूर-नळदुर्गचा खंडोबा तर घोड्यावरचाच देव. घोड्यापुढे हात जोडणं धाराशिव जिल्ह्याला नवं नाही. पण याच जनावराच्या सोबतीने मनाच्या दुखण्यावर पद्धतशीर उपचार होऊ शकतात, ही गोष्ट आपल्याकडे अजून फारशी बोलली जात नाही.

या उपचारांचं मूळ घोड्याच्या स्वभावात आहे. वाघ-लांडग्यांचं भक्ष्य म्हणून लाखो वर्षं जगलेला हा प्राणी सतत सावध असतो. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला जवळपास सगळीकडचं दिसतं. कपाळासमोरचा आणि शेपटीमागचा थोडासा भागच तेवढा सुटतो. कान वेगवेगळ्या दिशांना वळतात. कळपातला एक दचकला की बाकीचे कारण न विचारता उधळतात. शेजाऱ्याच्या अंगातला ताण ओळखण्यावरच त्याचा जीव अवलंबून होता. म्हणून माणसाचे आवळलेले खांदे, रोखलेला श्वास, चालीतली घाई त्याला चटकन कळते.

‘जनावर माणूस ओळखतं’ हे आपल्याकडचे जुने लोक सांगतच आले. इंग्लंडच्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये ते तपासून पाहिलं. २८ घोड्यांना अनोळखी माणसांचे हसरे आणि रागावलेले फोटो दाखवले. रागीट चेहरा दिसला की घोडे तो डाव्या डोळ्याने न्याहाळू लागले आणि त्यांच्या हृदयाचे ठोके लवकर वाढले. धोक्याच्या गोष्टी अनेक प्राणी डाव्या डोळ्यानेच पाहतात, कारण ती माहिती मेंदूच्या उजव्या भागाकडे जाते. फोटोत रागावलेला दिसलेला माणूस काही तासांनी साध्या चेहऱ्याने समोर आला, तरी घोडे त्याच्याशी जपूनच वागले, असं २०१८ च्या पुढच्या प्रयोगात दिसलं.

मग उपचार नेमका कसा होतो? पुष्कळदा त्यात स्वारी नसतेच. अमेरिकेत १९९९ मध्ये स्थापन झालेल्या ‘ईगाला’ या संस्थेच्या पद्धतीत सगळं काम जमिनीवर उभं राहून चालतं. सोबत दोघं असतात: एक मानसोपचारतज्ज्ञ आणि एक घोड्यांचा जाणकार. कुंपणाच्या आत घोडा मोकळा असतो. समजा, आलेल्या माणसाला सांगितलं की, दोर न लावता याला पलीकडच्या कोपऱ्यात न्या. एखादा मागून ढकलायला जातो; घोडा पाय रोवून उभा राहतो. दुसरा दबकत दोन पावलं टाकून थांबतो. घोडा मान वळवून गवतात तोंड घालतो. तज्ज्ञ हे शांतपणे पाहतो आणि नंतर विचारतो, ‘घरात मुलगा ऐकत नाही तेव्हा तुम्ही काय करता?’

बोलणं तिथून सुरू होतं. दवाखान्यातल्या खुर्चीत तासभर गप्प बसणारा माणूस घोड्याबद्दल बोलता बोलता स्वतःबद्दल बोलू लागतो.

अंगाच्या दुखण्यासाठी घोड्याचा वापर ही वेगळी शाखा. डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांना १९४४ मध्ये पोलिओ झाला. गुडघ्याखाली पायांत ताकद उरली नाही, घोड्यावर चढायलाही दुसऱ्याचा हात लागायचा. तरीही १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी ड्रेसाज या प्रकारात पुरुषांच्या बरोबरीने उतरून रौप्यपदक जिंकलं. त्यानंतर युरोप-अमेरिकेत अपंगांसाठीच्या अश्वारोहणाला मोठी चालना मिळाली. घोडा चालताना स्वाराची कंबर माणसाच्या चालीसारखीच हलते. म्हणून सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांना तज्ज्ञांच्या देखरेखीखाली ‘हिप्पोथेरपी’ दिली जाते.

मनाच्या उपचारांबाबत न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाचा ‘मॅन ओ’वॉर’ प्रकल्प महत्त्वाचा. जुन्या आघाताच्या धक्क्यातून न सावरलेल्या ६३ माजी सैनिकांनी आठ आठवडे, आठवड्यातून एकदा दीड तास घोड्यांसोबत गटाने काम केलं. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार निम्म्याहून अधिक जणांची लक्षणं ठळकपणे कमी झाली. मात्र तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे श्रेय एकट्या घोड्याला देता येत नाही. हा उपचार औषधं आणि समुपदेशन यांच्या जोडीला आहे, त्यांच्या जागी नाही.

धाराशिवला मनाच्या जखमा परक्या नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपाने सास्तूरसारखी गावं जमीनदोस्त झाली. पुढे दुष्काळ आणि कर्जाने शेतकऱ्यांची घरं पोखरली. २०१५ मध्ये राज्य सरकारने मराठवाडा-विदर्भातल्या १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू केला, त्यात हा जिल्हा होता. खचलेला माणूस शोधून त्याला समुपदेशकापर्यंत पोचवण्याच्या कामात आशा कार्यकर्त्यांना घेतलं गेलं. आज ‘टेली मानस’ या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

या वाटेला घोड्याची जोड द्यायची तर जनावर लांबून आणायला नको. भीमाकाठची भीमथडी ही जात शेजारच्याच मुलखातली. एकेकाळी मराठ्यांच्या फौजेत दौडलेले हे बुटके, काटक घोडे आजही धनगरांचं बिऱ्हाड पाठीवर वाहतात. बुटका घोडा पहिल्यांदाच जवळ जाणाऱ्याला कमी धाकाचा वाटतो. मात्र वरातीत डीजेपुढे रात्ररात्र नाचवलेली थकलेली घोडी या कामाला चालणार नाही. घोडा निरोगी, शांत, माणसाळलेला हवा. त्याला सावली, पाणी, विश्रांती आणि नको असेल तेव्हा निघून जायची मोकळीक हवी.

ही मोकळीक उपचाराचाच भाग आहे. पहिल्या दिवशी माणूस कुंपणात रिकाम्या हाताने उभा राहतो आणि घोडा दूरच राहतो. तिसऱ्या-चौथ्या खेपेला कदाचित खरारा हातात येतो. मानेवरून हात फिरताना माणसाचा श्वास संथ होतो, घोडा मान खाली सोडतो, ओठ सैल करतो, एक मागचा पाय हलकेच दुमडून उभा राहतो. जाणकार तज्ज्ञाला खुणेने ते दाखवतो. दोघंही काही बोलत नाहीत. खरारा फिरत राहतो.