‘पांढरी कावीळ’ असली की टीबीची गोळी वर्ज्य?

घरात कुणाला फुप्फुसाचा टीबी निघाला की बाकीच्यांचीही तपासणी होते. एखाद्याची तब्येत ठणठणीत, एक्स-रे स्वच्छ, पण चाचणी पॉझिटिव्ह. म्हणजे जंतू शरीरात आहेत, पण झोपलेले. हा सुप्त टीबी. तो जागा होऊ नये म्हणून प्रतिबंधक गोळ्या सुरू करायच्या, तेवढ्यात कुठल्याशा जुन्या रिपोर्टात ‘एचबीएस-एजी पॉझिटिव्ह’ ही ओळ सापडते. हिपॅटायटिस बी, आपल्याकडची ‘पांढरी कावीळ’. लगेच निकाल लागतो: ‘गोळ्या नकोत, लिव्हर जाईल.’

हे वाक्य ऐकून कान किटले आहेत. शिकलेसवरलेलेही ते ठामपणे सांगतात, म्हणून जास्त राग येतो.

भीती हवेतून आलेली नाही. प्रतिबंधासाठी दिलं जाणारं आयसोनियाझिड लिव्हरमध्येच मोडलं जातं आणि काहींच्या लिव्हरला ते सोसत नाही. 1970 साली अमेरिकेत कॅपिटॉल हिलवर 2,321 जणांना ते दिलं गेलं. 19 जणांना हिपॅटायटिस झाला, दोघे दगावले. लिव्हरवर लक्ष ठेवूनच हे औषध द्यायचं, ही शिस्त अशा अनुभवांतून आली. पण शिस्त म्हणजे बंदी नव्हे. 1986 मध्ये अमेरिकेतल्या आग्नेय आशियाई निर्वासितांवरचा एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. हिपॅटायटिस बीचे वाहक असलेल्यांना आयसोनियाझिडचा त्रास इतरांपेक्षा जास्त झाल्याचं त्यात दिसलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मनाई आहे ती लिव्हरची सूज तीव्र किंवा सक्रिय असताना. नुसत्या पॉझिटिव्ह रिपोर्टाला नाही.

मग हाँगकाँगचा अभ्यास पुढे केला जातो. 2000 सालच्या त्या अभ्यासात टीबीची औषधं घेणाऱ्या हिपॅटायटिस बीच्या सुमारे 35 टक्के रुग्णांचं लिव्हर बिघडलं. बाकीच्यांत हे प्रमाण 9 टक्के होतं. आकडे खरे आहेत. पण ते रुग्ण होते जाग्या टीबीचे! त्यांना अनेक औषधं एकत्र द्यावी लागतात, आणि नेहमीच्या चार औषधांपैकी आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तिन्ही लिव्हरवर ताण आणणारी. सुप्त टीबी पुढे आयुष्यात कधीतरी जागा होण्याची शक्यता 5 ते 10 टक्के, त्यातही पहिली दोन वर्षं जास्त धोक्याची. लिव्हर जपायचं म्हणून आज एक गोळी नाकारायची आणि उद्या टीबी उठला की त्याच लिव्हरवर तीन औषधं लादायची, यात लिव्हर कुठे जपलं गेलं?

करायचं ते एवढंच. गोळी सुरू करण्याआधी एसजीपीटी ही लिव्हरची रक्तचाचणी करून घ्यायची. हिपॅटायटिस बी औषधाविनाही मधूनच उसळतो. आधीचा आकडा हाताशी नसेल तर वाढ विषाणूची की गोळीची, हे ओळखणं अवघड होतं. मग दर महिन्याला तपासणी. मळमळ, अन्नावरची वासना जाणं, डोळे पिवळे होणं यांपैकी काही दिसलं तर गोळी त्याच दिवशी थांबवून दवाखाना गाठायचा. लक्षणांसह एसजीपीटी सामान्य कमाल मर्यादेच्या तिपटीवर गेली, किंवा लक्षणं नसतानाही पाचपटीवर, की औषध बंद. आठवड्यातून एकदा असे 12 डोस घ्यायचे, हा रिफापेंटिन आणि आयसोनियाझिडचा पर्यायही आहे. 2011 च्या मोठ्या चाचणीत त्यामुळे लिव्हरला इजा 0.4 टक्के लोकांना झाली, तर नऊ महिने नुसतं आयसोनियाझिड घेणाऱ्यांत 2.7 टक्के. कोणता कोर्स, हे डॉक्टर ठरवतील. विषाणू सक्रिय असेल तर आधी त्यावर उपचार. हिपॅटायटिस बीचं ते औषध 2018 पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत मिळतं.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. सुप्त टीबी दुसऱ्याला लागत नाही. हिपॅटायटिस बी एका ताटात जेवल्याने पसरत नाही. तो रक्तातून, शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाला जातो, म्हणून जन्मल्यावर 24 तासांच्या आत लस. ज्याला संसर्ग आधीच आहे, त्याचा विषाणू लसीने जात नाही. डोळे पिवळे नाहीत म्हणून विषाणू नाही, असंही नाही.

रिफापेंटिनने लघवी नारिंगी होते, ती कावीळ नव्हे. ती बघून गावाकडचं झाडपाल्याचं ‘काविळीचं औषध’ आणायला धावणारे आहेत. टीबीच्या गोळ्यांसोबत तो पाला घेऊ नका. काही पाल्यांनी लिव्हरला खरोखर इजा होते, आणि एसजीपीटी वाढलीच तर दोष गोळीचा, विषाणूचा की पाल्याचा, हे कुणालाच सांगता येत नाही.