जनुकाला गप्प करणारा आरएनए

जनुकावरून संदेशवाहक आरएनएची प्रत निघाली, की तिच्यावरून प्रथिन बनणारच, असे शालेय पुस्तकातली आकृती पाहून वाटते. पेशीत मात्र प्रत निघाल्यावरही बरेच काही ठरायचे राहिलेले असते. कित्येक प्रती वाचल्या जाण्याआधीच तोडल्या जातात, काही नुसत्याच अडवून ठेवल्या जातात. हे काम करणाऱ्यांत प्रथिने आहेतच, पण जेमतेम २० ते २४ अक्षरांचे आरएनएचे तुकडेही आहेत.

आरएनए असे नियंत्रण करत असावा, हा तर्क जुनाच. जनुक चालू-बंद कसे होते याचा सिद्धांत फ्रान्स्वा जाकोब आणि जाक मोनो यांनी १९६१ मध्ये मांडला, तेव्हा जनुक बंद करणारा रेणू आरएनए असेल असे त्यांना वाटले होते. पुढे त्यांच्या जीवाणूतला तो रेणू प्रथिन निघाला आणि आरएनएकडे निरोप्यापलीकडचे काम असू शकते, ही कल्पना बराच काळ बाजूला पडली.

तिच्याकडे पुन्हा लक्ष वेधले ते पेट्युनियाच्या फुलाने. कॅलिफोर्नियात कॅरोलिन नापोली, रिचर्ड जॉर्गन्सन आणि सहकारी फुलाचा जांभळा रंग आणखी गडद करू पाहत होते. रंगद्रव्य तयार करणाऱ्या साखळीतल्या कॅल्कोन सिंथेज या विकराच्या जनुकाची एक जादा प्रत त्यांनी झाडात घातली. जादा जनुक मिळालेल्या झाडांपैकी ४२ टक्के झाडांना फुले आली ती पांढरीशुभ्र, नाहीतर पांढऱ्या-फिक्या पट्ट्यांची! बाहेरून घातलेले जनुक तर गप्प होतेच, झाडाचे स्वतःचेही गप्प झाले होते. त्याच्या संदेशवाहक आरएनएचे प्रमाण ५० पटींनी घसरले होते. हे १९९० मध्ये छापून आले, आणि त्याच वर्षी ॲमस्टरडॅमच्या एका गटालाही हेच दिसले. कारण कोणालाच सांगता येईना. प्राण्यांवर काम करणाऱ्या बहुतेकांनी हा वनस्पतींचा लहरीपणा म्हणून सोडून दिला.

दुसरा धागा सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स या १ मिलिमीटर लांबीच्या सूत्रकृमीत सापडला. लिन-४ हे जनुक बिघडले, तर या कृमीची अळी पहिल्याच अवस्थेतली कामे पुनःपुन्हा करत राहते. व्हिक्टर अँब्रोस यांच्या हार्वर्डमधल्या प्रयोगशाळेत रोझलिंड ली आणि ऱ्होंडा फाइनबाउम या जनुकाचा माग काढत होत्या. जनुक सापडले, पण त्यावरून प्रथिन बनतच नव्हते. हाती आला तो २२ अक्षरांचा सूक्ष्म आरएनए. गॅरी रुव्हकुन यांची प्रयोगशाळा तेव्हा लिन-१४ या जनुकावर काम करत होती. दोघांनी अक्षरक्रम एकमेकांना कळवले, तेव्हा लिन-४चा तुकडा लिन-१४च्या संदेशाच्या शेपटाकडच्या भागाशी जुळतो, तोही एकाहून अधिक जागी, हे लक्षात आले. डिसेंबर १९९३ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोघांचे निबंध छापून आले. त्यांचे स्वागत थंडच झाले, कारण असा आरएनए दुसऱ्या कोणत्या प्राण्यात दिसत नव्हता. २००० मध्ये रुव्हकुन यांच्या गटाला लेट-७ हा दुसरा सूक्ष्म आरएनए मिळाला. तो माशीपासून माणसापर्यंत बहुतेक प्राण्यांत जसाच्या तसा असल्याचे त्याच वर्षी दिसले, आणि मग कृमीला कोणी हसले नाही.

सूक्ष्म आरएनए सुरुवातीला लांब असतो आणि स्वतःवरच दुमडलेला असतो. केंद्रकात ड्रोशा आणि बाहेर डायसर ही विकरे त्याची काटछाट करतात. उरलेल्या दुपदरी तुकड्यातला एक पदर आर्गोनॉट या प्रथिनात जाऊन बसतो आणि जुळणारा संदेश शोधू लागतो. प्राण्यांमध्ये हे जुळणे पूर्ण असावे लागत नाही. दुसऱ्या ते आठव्या अक्षरापर्यंतचा भाग जुळला तरी बहुधा पुरते. पाकिटावर घर क्रमांक चुकला तरी पिनकोड बरोबर असला, की टपाल योग्य पोस्टात पोचते, तसेच हे. पिनकोड एका घराचा नसतो, त्यामुळे एकच सूक्ष्म आरएनए शेकडो संदेशांना गाठू शकतो. त्यातल्या बहुतेकांची प्रथिननिर्मिती तो पूर्ण थांबवत नाही, थोडी कमी करतो. वनस्पतींत मात्र जुळणी जवळजवळ तंतोतंत असते आणि संदेश मधोमध कापलाच जातो.

पेट्युनियाचे कोडे १९९८ मध्ये सुटू लागले. अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी त्याच सूत्रकृमीला दुपदरी आरएनए टोचला. त्या अक्षरक्रमाचे जनुक गप्प झाले, आणि तेही पेशीमागे मोजके रेणू असताना. एकपदरी आरएनएचा परिणाम त्यापुढे नगण्य होता. दुपदरी आरएनए म्हणजे अनेक विषाणूंची खूण, म्हणून पेशी त्याचे तुकडे करते आणि त्यांच्या आधारे तसाच प्रत्येक संदेश हुडकून कापते. पेट्युनियाने जादा जनुकालाही तसेच वागवले होते. हे तुकडे १९९९ मध्ये प्रथम दाखवून दिले ते इंग्लंडमधल्या अँड्र्यू हॅमिल्टन आणि डेव्हिड बॉलकोम्ब यांनी, आणि तेही वनस्पतींत. महाराष्ट्रातल्या पपई बागायतदारांना छळणाऱ्या रिंगस्पॉट विषाणूला हवाईतली जनुकबदल केलेली पपई दाद देत नाही, ती याच यंत्रणेमुळे.

२००६ चे वैद्यकाचे नोबेल फायर आणि मेलो यांना मिळाले, २०२४ चे अँब्रोस आणि रुव्हकुन यांना. एक पारितोषिक तिघांत वाटता येते, म्हणजे दोन्ही वेळा एक जागा रिकामी राहिली. अँब्रोस आणि रुव्हकुन यांच्याबरोबर बॉलकोम्ब यांना २००८ चा लास्कर पुरस्कार मिळाला होता, नोबेलसाठी मात्र त्यांचा विचार झाल्याचे निकालावरून तरी दिसत नाही. लिन-४च्या निबंधावर पहिले नाव रोझलिंड ली यांचे आहे, हेही नोंदवायला हवे.

लांब आरएनएचेही असे काम असते. बहुतेक सस्तन माद्यांच्या पेशीत दोन एक्स गुणसूत्रांपैकी एकावर सुमारे १७,००० अक्षरांचा झिस्ट नावाचा आरएनए पसरतो आणि ते जवळजवळ सगळे गुणसूत्र मिटते. जीवाणूंत काही संदेश जीवनसत्त्वाचा रेणू स्वतःच पकडतात आणि आकार बदलून स्वतःचेच वाचन थांबवतात. तिथे प्रथिनाची मध्यस्थीही लागत नाही.

आरएनएचे असे तुकडे औषध म्हणून वापरण्याबाबत मात्र गाजावाजा फार आधी झाला. मर्क कंपनीने २००६ मध्ये सर्ना ही कंपनी १.१ अब्ज डॉलरला घेतली आणि २०१४ मध्ये साधारण १७.५ कोटी डॉलरला विकून टाकली. तुकडा बनवणे सोपे होते, योग्य पेशीत पोचवणे नव्हते. रक्तात तो टिकत नाही आणि टिकला तरी पेशीत सहज शिरत नाही. पॅटिसिरान या अशा पहिल्या औषधाला अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली. कोलेस्टेरॉल उतरवणारे इन्क्लिसिरान सुरुवातीच्या मात्रांनंतर वर्षातून दोनदाच टोचावे लागते. दोन्ही काम करतात ती यकृतात, कारण आजवर तिथवरचीच वाट नीट सापडली आहे. सूक्ष्म आरएनएची नक्कल करणाऱ्या एमआरएक्स-३४ या कर्करोगावरील औषधाची चाचणी २०१६ मध्ये रुग्णांच्या रोगप्रतिकारक यंत्रणेच्या गंभीर प्रतिक्रियांमुळे थांबवावी लागली. एकाच संदेशावर नेम धरणारी औषधे पुढे गेली. शेकडो संदेशांना एकदम हात घालणारे औषध सुरक्षित कसे करायचे, हा प्रश्न अजून सुटलेला नाही.