आधी मीटर, मग बॉलिंग मशीन: टर्फ टाकण्यापूर्वी विजेचा हिशेब



"बॉक्स क्रिकेटचं टर्फ टाकायचंय, सोबत बॉलिंग मशीनची एक लेन, जमलं तर सिम्युलेटर. बजेट किती धरू?" सोलापूरकडून हा प्रश्न सारखा येतो. हौस तर आहेच. जानेवारी २०२४ मध्ये आपल्या पार्क मैदानावर महाराष्ट्र-मणिपूर रणजी सामना झाला, तेव्हापासून तर पोरांच्या डोक्यात क्रिकेटशिवाय काही नाही.

पण या बजेटच्या वहीत बघा काय असतं. गवताचा गालिचा, जाळी, मशीन, बोर्ड, इन्स्टाची जाहिरात. आणि शेवटी एक ओळ: "लाइट फिटिंग". धंदा अडकतो तो याच ओळीत.

तुम्ही नक्की काय विकताय?

एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. दुपारी टर्फवर कोण येणार? बुकिंग भरतं ते संध्याकाळी सहा ते अकरा. म्हणजे तुम्ही मैदान विकत नाही, पाच तासांचा उजेड विकता. उजेड गेला की तास गेला, आणि तासाचे पैसे परत.

हे मोठ्यांनाही चुकलेलं नाही. ९ फेब्रुवारी २०२५ ला कटकमध्ये भारत-इंग्लंड वनडेत एका टॉवरचे दिवे गेले आणि खेळ सुमारे अर्धा तास थांबला. तिथे प्रेक्षक थांबले. तुमचं गिऱ्हाईक थांबणार नाही, ते शेजारच्या टर्फवर जाईल.

आता काही जण म्हणतील, "सर, सोलापुरात विजेला काय कमी?" बरोबर आहे. एनटीपीसीचा १३२० मेगावॅटचा प्रकल्प आपल्या जिल्ह्यात आहे. ३१ डिसेंबर २०१३ ला दक्षिण भारताचं ग्रिड बाकीच्या देशाला जोडलं गेलं, ते ७६५ केव्हीच्या रायचूर-सोलापूर लाइनने. पण ही वीज तुमच्या जागेवरून जाते, तुमच्या जागेत येत नाही. तुमचा व्होल्टेज ठरतो तो तुमच्या फीडरवर, तुमच्या डीपीवर आणि शेवटच्या शंभर मीटर केबलवर.

पहिली पायरी: जागेचं कनेक्शन कोणत्या नावाचं आहे?

भाडेकरार करण्याआधी मालकाकडे वीजबिल मागा. बिलावर दराचा वर्ग छापलेला असतो. तोच आधी वाचायचा.

बंद पडलेली लूमची शेड स्वस्तात मिळते. उंची चांगली, खांब कमी, इनडोअर लेनसाठी झकास. थ्री फेज मीटरही असतं. पण पॉवरलूमचा दर वेगळा आणि सवलतीचा असतो. त्या मीटरवर क्रिकेट चालवलंत तर तो विजेचा अनधिकृत वापर ठरतो. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ नुसार लागू दराच्या दुप्पट दराने आकारणी होते. वापर कधी सुरू झाला हे ठरवता आलं नाही, तर तपासणीच्या आधीच्या १२ महिन्यांची. "मालक म्हणाला चालतंय" हे तिथे चालत नाही.

घरगुती मीटरचंही तसंच. शेताच्या कडेला टर्फ टाकणाऱ्यांनी तर दोनदा विचार करा. शेतीपंपाच्या फीडरला थ्री फेज ठरावीक तासच मिळते, आणि ते तास तुमच्या बुकिंगचे असतीलच असं नाही. तुम्हाला महावितरणचं व्यावसायिक वर्गातलं कनेक्शनच लागणार. ते त्या जागेपर्यंत यायला किती खांब, किती केबल, डीपीवर जागा आहे का, हे करारावर सही करण्यापूर्वी विचारा. कारण हा खर्च गालिच्याच्या खर्चाला टक्कर देऊ शकतो.

दुसरी पायरी: लोडची यादी

एक टर्फ, एक मशीन लेन आणि एक सिम्युलेटर खोली, असा नमुना घेऊ.

- टर्फचे एलईडी फ्लडलाइट, २०० वॅटचे १६: ३२०० वॅट
- लेनचे दिवे, ५० वॅटचे १०: ५०० वॅट
- बॉलिंग मशीन: ६०० वॅट
- सिम्युलेटरचा प्रोजेक्टर आणि कॉम्प्युटर: १००० वॅट
- कॅमेरे, वायफाय, स्कोअरबोर्ड: ३०० वॅट
- दीड टनाचे २ एसी: ३४०० वॅट
- पाण्याची मोटर, १ एचपी: ७५० वॅट
- फ्रिज, पंखे, काउंटर: १००० वॅट

बेरीज १०,७५० वॅट, म्हणजे पावणेअकरा किलोवॅट. पुढच्या वर्षी दुसरी लेन येणार म्हणून २५ टक्के वर धरा, साडेतेराच्या जवळ जाल. म्हणजे थ्री फेज घ्यावंच लागेल. तुमच्या यादीत माझे आकडे लिहू नका, प्रत्येक मशीनच्या पाटीवरचा आकडा लिहा. आणि उगाच ३० किलोवॅटही मागू नका. व्यावसायिक वर्गात २० किलोवॅटच्या वर गेलात की स्थिर आकाराचा हिशेबच बदलतो. मैदान बंद असलं तरी तो भरावा लागतो.

तिसरी पायरी: दिवे आणि केबल

जुने ४०० वॅटचे मेटल हॅलाइड दिवे भंगारात स्वस्त मिळतात म्हणून घेऊ नका. चोकसकट असा एक दिवा ४४० वॅटच्या आसपास ओढतो. १६ दिवे, पाच तास: रोज ३५ युनिट. एलईडीचे १६ युनिट. हिशेबापुरता युनिटला १२ रुपये दर धरला, तरी महिन्याला सात हजारांच्या आसपास फरक. त्याहून वाईट म्हणजे व्होल्टेजचा एक झटका बसला की हे दिवे विझतात, आणि गार होऊन परत पेटायला दहा-पंधरा मिनिटं घेतात. तेवढ्यात तीन ओव्हर झाल्या असत्या.

एलईडी घेतानाही ड्रायव्हर बघा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे हलक्या ड्रायव्हरचा दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. डोळ्याला दिसत नाही, पण स्लो-मोशनमध्ये पट्टे दिसतात आणि बॉलचा माग काढणारा कॅमेरा गोंधळतो. फ्लिकर-फ्री ड्रायव्हर लेखी मागा.

सगळे दिवे एकाच फेजवर टाकू नका, तिन्हींवर वाटा. एक फेज गेला तरी दोन तृतीयांश उजेड राहतो. लांबच्या खांबाला बारीक वायर नको. २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरने ६० मीटरवर १० अँपियर नेले तर नऊ व्होल्ट वाटेतच जातात. उन्हाळ्यात वायर तापली की अजून.

चौथी पायरी: इथे पैसे वाचवायचे नाहीत

टर्फवर पाणी मारलेलं असतं, पोरं अनवाणी असतात, चारी बाजूंनी लोखंडी खांब आणि जाळी. एका वायरचं इन्सुलेशन सोललं तर? म्हणून प्रत्येक खांबाला अर्थिंग, आणि दिवे, मशीन, पंप या सर्किटना ३० मिलिअँपियरचं आरसीसीबी. एमसीबी वायर वाचवतं, आरसीसीबी माणूस वाचवतं. दोन्ही लागतात.

बॉलिंग मशीनचं अजून एक. वीज गेली, फलंदाज मशीन बघायला पुढे आला, वीज परत आली आणि चाकं आपोआप फिरायला लागली, तर? लूमवाल्यांना हे सांगायला नको. स्टार्टरमधली नो-व्होल्ट कॉइल याचसाठी असते: वीज गेली की स्टार्टर पडतो आणि माणसाने बटण दाबल्याशिवाय मोटर सुरू होत नाही. मशीनला ही सोय आहे का, हे विकत घेतानाच वीज तोडून, परत देऊन तपासा. लेनमधले दोन दिवे बॅटरीवर ठेवा, कारण अंगावर येणारा चेंडू अंधारात दिसत नाही.

आणि न्यूट्रल. थ्री फेजमध्ये न्यूट्रल सुटला की एखाद्या फेजवर २३० ऐवजी ३५० च्या वर व्होल्टेज जाऊ शकतो. प्रोजेक्टर, कॉम्प्युटर, ड्रायव्हर एका रात्रीत खलास. म्हणून मेन बोर्डला जास्त-कमी व्होल्टेजला तोडणारा रिले आणि सर्ज प्रोटेक्शन लावा. वळवाच्या पावसात, विजा कडकडताना, याची किंमत कळते.

बॅकअपचे दोन भाग करा. कॉम्प्युटर आणि कॅमेऱ्यांना यूपीएस, म्हणजे सिस्टीम बंद पडत नाही. दिव्यांना जनरेटर. एसी आणि पंप जनरेटरवर टाकू नका, छोट्या जनरेटरमध्ये काम होईल.

या आठवड्याचं काम

१. जागेचं वीजबिल मिळवा, दराचा वर्ग आणि मंजूर भार लिहून घ्या.
२. वरच्यासारखी लोडची यादी पाटीवरच्या आकड्यांनी करा.
३. परवानाधारक इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरकडून दोन कोटेशन घ्या. अर्थिंग, आरसीसीबी आणि रिले वेगळ्या ओळीत दाखवायला सांगा.
४. संध्याकाळी सात ते दहा, सलग सात दिवस जागेवर जाऊन व्होल्टेज आणि वीज गेल्याची वेळ वहीत लिहा.

चौथं काम फुकट आहे, आणि ते बहुतेक जण करत नाहीत. त्या सात पानांवरून कळेल, जनरेटर केवढा हवा, की जागाच दुसरी बघायची. मशीनचा ॲडव्हान्स त्यानंतर द्या.