उत्तरेची खिडकी

वऱ्हाडातील घरांविषयी लिहावयास घेतले की लेखणी आपोआप वैशाखाकडे वळते, आणि ते स्वाभाविकही आहे; ज्या मुलखात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पलीकडे जातो, तेथे थंडीची तक्रार करणारा मनुष्य काहीसा हास्यास्पदच ठरतो. तथापि पौषात उत्तरेकडून थंडीची लाट उतरून अकोल्याचे किमान तापमान १० अंशांच्या खाली गेले असता, पातूरच्या कडेला उघड्यावर बांधलेल्या एखाद्या सिमेंटच्या बंगलीत रात्र काढणाऱ्याला ही तक्रार निराधार वाटणार नाही. पातूरचे स्थानच तसे आहे. अकोल्याहून वाशिमकडे जाणारा रस्ता जेथे पायनघाटाची सपाट काळी जमीन सोडून बालाघाटाचा चढ चढू लागतो, त्या पायथ्याशी हा कसबा वसला आहे. दक्षिणेला डोंगर, आणि उत्तरेला पूर्णेचे खोरे थेट सातपुड्यापर्यंत मोकळे. हिवाळ्यातील वारा बहुतांशी उत्तर-ईशान्येचा, म्हणजे गावाची जी उघडी बाजू तीच वाऱ्याची. शिवाय निरभ्र रात्री माथ्यावर निवालेली जड हवा ओहोळांच्या वाटेने पायथ्याकडे घसरत येते, ती निराळीच.

जुन्या घरांना याचा फारसा उपद्रव होत नसे. हात-दोन हात जाडीच्या पांढऱ्या मातीच्या भिंती, वर धाबे, खिडक्या मोजक्या आणि लहान, चौकटी सागवानी, आणि काचेऐवजी फळ्यांची झडप, जी लावून अडसर घातला की खिडकी भिंतीचाच भाग होऊन जाई. काळोख मात्र पदरी येई, हे मान्य केले पाहिजे. जुन्या माजघरांचे गुणगान करणाऱ्यांपैकी कितीजण तेथे दुपारी वाचावयास बसले असतील, याची मला शंका आहे. काचेने तो काळोख घालविला, हे तिचे मोठेच उपकार. परंतु काचेच्या मागोमाग सरकत्या पल्ल्यांची ॲल्युमिनियमची खिडकी आली, आणि जी वस्तू नीट लागतच नाही ती लावून निश्चिंतपणे निजण्याचा शिरस्ता पडला.

सरकता पल्ला सरकावयाचा म्हणजे त्याच्या आणि रुळाच्या दरम्यान थोडी फट असलीच पाहिजे. ती बुजविण्यासाठी कडेला केसाळ पट्टी लावतात; वऱ्हाडच्या धुळीत ही पट्टी लवकरच झिजते किंवा दबून सपाट होते. दोन पल्ले मध्यभागी एकमेकांवर येतात तेथेही तीच पट्टी, आणि पावसाचे पाणी निघून जावे म्हणून खालच्या रुळाला ठेवलेली छिद्रे तर मुद्दामच उघडी. जागा कमी अडते, मच्छरजाळीसाठी तिसरा रूळ सहज बसतो आणि भावही परवडतो, म्हणून ही खिडकी सर्वत्र पसरली. दक्षिणेकडे तिला माझी हरकत नाही, परंतु उत्तरेच्या भिंतीत ती बसविणे म्हणजे वाऱ्याला रीतसर परवाना देणे होय.

येथे थोडे गणित आवश्यक आहे. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: ताशी १८ किलोमीटर वेगाचा वारा दर चौरस मीटरला सुमारे १५ न्यूटन दाब देतो, आणि वेग दुप्पट होऊन ३६ झाला की तो दाब ६० वर जातो. गावाच्या मध्यभागी, शेजारच्या घरांच्या आडोशाला जी खिडकी वर्षानुवर्षे निमूटपणे काम देते, तीच शिवाराच्या कडेला बसविताच शीळ घालू लागते, याचे कारण हेच. शिवाय घरात शिरणाऱ्या हवेला बाहेर पडण्याची वाटही लागते. वारा एका बाजूने दाबतो आणि आडोशाच्या बाजूने ओढतो, म्हणून उत्तरेची फट बुजवून दक्षिणेच्या सैल दाराकडे दुर्लक्ष करणाऱ्याचे काम अर्धेच होते.

वाऱ्याच्या बाजूला बिजागरीची, बाहेर उघडणारी खिडकी उत्तम. तिच्या चौकटीला सभोवार रबराची पट्टी असते, खिट्टी ओढली की पल्ला त्या पट्टीवर दाबून बसतो, आणि वारा जितका जोराने येईल तितका तो पल्ला चौकटीवर अधिकच रेटला जातो. आत उघडणाऱ्या पल्ल्याला मात्र हाच वारा पट्टीपासून दूर ढकलतो. आपल्याकडे खिडकीला आतून गज असतात, तेव्हा पल्ला बाहेर उघडणे सोयीचेही पडते. एवढेच की उघडा पल्ला झोताने आपटू नये म्हणून आकडा भक्कम हवा. लाकडी चौकट घेणाऱ्याने आणखी एक पथ्य पाळावे. श्रावणात लाकूड फुगते, पल्ला अडकतो, आणि आपण घाईने सुताराला बोलावून रंधा मारून घेतो. पौषाच्या कोरड्या हवेत तेच लाकूड आखडते, आणि रंध्याने नेलेली जागा वाऱ्याच्या ताब्यात जाते.

काश्मिरातील जुन्या घरांत लाकडी पिंजऱ्याच्या जाळीदार खिडक्या असत, आणि हिवाळा लागला की त्यांवर कागद चिकटविण्याची चाल होती. कागद काही उबेचे साधन नव्हे. त्याने वारा थांबतो, आणि थंडीच्या उपद्रवाचा मोठा हिस्सा तेवढ्याने दूर होतो. हे ध्यानात घेतल्यास दुहेरी काचेच्या प्रलोभनाकडे शांतपणे पाहता येईल. बाहेर १० अंश आणि खोलीत २० अंश असता एकेरी काचेचा आतला पृष्ठभाग १२-१३ अंशांवर राहतो, दुहेरीचा १६च्या आसपास. काचेलगत पलंग असणाऱ्याला हा फरक निश्चित जाणवतो, आणि उन्हाळ्यात वातानुकूलन यंत्र चालविणाऱ्यालाही दुहेरी काचेचा थोडा लाभ होतो. तथापि ॲल्युमिनियममधून उष्णता सागवानाच्या हजारपटीहून अधिक सुलभतेने वाहते. तेव्हा साध्या ॲल्युमिनियमच्या चौकटीत महाग दुहेरी काच बसविण्यात द्रव्याचा अपव्यय आहे. यूपीव्हीसीची चौकट या बाबतीत लाकडाच्या तोडीची, मात्र हलक्या प्रतीची असल्यास येथील उन्हात ती टिकणार नाही.

उत्तरेला कंजूषपणा केल्यास दक्षिणेला उदार होता येते. पातूरच्या अक्षांशावर डिसेंबरच्या उत्तरार्धात मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे सुमारे ४६ अंशांवर असतो, आणि जूनमध्ये जवळजवळ डोक्यावर, किंबहुना किंचित उत्तरेकडेच कललेला. म्हणून दक्षिणेच्या चार फूट उंच खिडकीवर दोन फुटांचा छज्जा काढल्यास पौषातील दुपारचे ऊन खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागातून आत येते, आणि उन्हाळ्यातील मध्यान्हीचे ऊन बाहेरच अडते. पौषातील हे ऊन फरशीत मुरते आणि रात्री सावकाश परत मिळते. त्यासाठी सूर्यास्तापूर्वी पडदा ओढण्याची शिस्त मात्र हवी, आणि कापसाच्या या प्रांतात जाड पडद्यासाठी वाकळेपेक्षा दूर जावे लागू नये.

घर इतके बंदिस्त करावयाचे असेल तर कोळशाची शेगडी आत घेऊन निजण्याची सवय सोडून द्यावी. तिच्या वायूला वास नसतो, आणि तो प्राण घेतो. माथ्याजवळचा लहान झरोका बुजवू नये.

तयार घरात राहणाऱ्याने वाऱ्याच्या रात्री पेटती उदबत्ती चौकटीच्या कडेने फिरवावी. धूर जेथे मोडतो तेथे फट. नवे काम देणाऱ्याने दरपत्रकात केवळ चौरस फुटाचा भाव न पाहता पट्टी रबराची की केसाळ, ती कोपऱ्यांत अखंड की तुकड्यांची, खिट्टी किती ठिकाणी दाबते, आणि चौकट व भिंत यांमधील सांधा कशाने भरणार, हे लिहून घ्यावे. तो शेवटचा सांधा बहुधा गवंडी आणि खिडकीवाला या दोघांपैकी कोणाच्याच जबाबदारीत नसतो.