नवं इंजिनकाम, तरी गाडी ऑइल का खाते?

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना आलेले ‘अं’ आणि ‘म्हणजे कसं’ काढलेत, बाकी तसंच ठेवलंय.)

आजचा एपिसोड धुरावर आहे. सायलेन्सरमधून येणाऱ्या निळ्या धुरावर.

झालं असं, की साताऱ्याला आमच्या घरी बाबांची जुनी मारुती ८०० आहे. इंजिन थकलं होतं, म्हणून बाबांनी पूर्ण काम करून घेतलं. सिलिंडर बोअर केले, नवे पिस्टन, नव्या रिंगा, हेडचं काम. खर्च ₹२८,०००. गाडी घरी आली आणि तिसऱ्या आठवड्यात शेजारच्या काकूंनी विचारलं, “अहो, तुमच्या गाडीतून धूर येतोय का?” येत होता. डिपस्टिकवरचं ऑइलही खाली चाललं होतं.

काम केलेले मिस्त्री म्हणाले, “काका, चालवत राहा, रिंगा बसतील.” दुसऱ्या गॅरेजवाल्याने नुसता धूर बघितला आणि सांगितलं, “परत खोलायला लागणार, १५ हजार धरून चला.” आणि बाबा घरात गप्प. शेवटी एकदा म्हणाले, “माझंच काहीतरी चुकलं असणार.”

तिघांत बरोबर कोण? ते इंजिन न खोलताही बऱ्यापैकी कळतं. कसं, तेच आज बघू.

०१:२० | ऑइल जळतं कसं

आधी धुराचा रंग. निळसर म्हणजे ऑइल. काळा म्हणजे पेट्रोल जास्त पडतंय. इंजिन गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येत असेल, तर कूलंट आत शिरत असण्याची शक्यता जास्त. थंडीत सकाळी दिसते ती नुसती वाफ, तिला घाबरू नका.

साधारण प्रत्येक पिस्टनवर तीन रिंगा असतात. वरच्या दोन कॉम्प्रेशन रिंगा, खालची ऑइल रिंग. सिलिंडरच्या भिंतीवर ऑइल लागतंच, नाहीतर पिस्टन जाम होईल. जास्तीचं ऑइल खाली ओढायचं काम ऑइल रिंगचं. दुसरी रिंगही गॅस अडवता अडवता ऑइल खरवडून खाली नेते. यात कुठे चूक झाली की ऑइल वर जातं आणि पेट्रोलबरोबर जळतं.

०२:१५ | जपून चालवण्याचा तोटा

बोअर केल्यावर सिलिंडरला होनिंग करतात. आतल्या भिंतीवर बारीक तिरक्या रेघा, एकमेकींना छेदणाऱ्या. त्या रेघांत ऑइल धरून राहतं, आणि नवी रिंग त्यांच्या टोकांवर घासून भिंतीशी जुळते. यालाच ‘रिंग बसणं’ म्हणतात.

आता गंमत बघा. कॉम्प्रेशन रिंग भिंतीवर दाबली जाते ती फक्त स्वतःच्या ताणाने नाही. पेट्रोल जळल्यावरचा गॅस रिंगच्या मागे शिरतो आणि तिला बाहेर ढकलतो. इंजिनवर लोड असेल तर दाब जास्त. गाडी जागेवर नुसती चालू असेल तर दाब अगदी कमी. मग रिंग नीट घासत नाही, भिंतीवरचं ऑइल तिथेच भाजतं आणि गुळगुळीत चकाकी धरते. याला ग्लेझिंग म्हणतात. एकदा ते झालं की रिंगा बसणं कठीण.

आणि बाबा काय करत होते? रोज सकाळी अर्धा तास गाडी अंगणात जागेवर चालू ठेवायचे. रस्त्यावर चाळीसच्या वर नाही. लहान बाळासारखी जपली! का, तर चार जणांनी तसंच सांगितलेलं.

खरं तर नवं इंजिन सुरू करून गळती तपासली, की गाडी रस्त्यावर काढायची. इंजिन गरम झाल्यावर तिसऱ्या गिअरमध्ये ४० पासून ६०-६५ पर्यंत दमदार ॲक्सिलरेटर द्यायचा, मग पाय काढून गाडी गिअरमध्येच हळू होऊ द्यायची. असं आठ-दहा वेळा. एकाच स्पीडला तासन्‌तास नको, जास्त ओझं नको, इंजिन किंचाळेपर्यंत ताणणंही नको. पहिलं ऑइल आणि फिल्टर लवकर बदला, कारण घासलेला धातू त्यातच असतो.

०३:४० | आधी मोजा

धूर डोळ्यांनी बघून अंदाज लावू नका. उन्हात कमी दिसतो, संध्याकाळी मागच्या गाडीच्या लाइटमध्ये जास्त दिसतो. मोजायचं ते ऑइल.

गाडी सपाट जागी, सकाळी, इंजिन थंड. ऑइल डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत भरा, ओडोमीटर लिहून ठेवा. ५०० किमीनंतर त्याच जागी, तसंच थंड असताना, वरच्या खुणेपर्यंत यायला किती ऑइल लागलं ते मापाच्या भांड्याने मोजा. वरच्या खुणेच्या पुढे भरू नका. जास्तीचं ऑइल क्रँकशाफ्ट घुसळतं, त्याचा फेस होतो आणि तेही ब्रीदरमधून जळायला जातं. मधल्या काळात दर दोन-तीन दिवसांनी पातळी बघा. खालच्या खुणेशी आली तर थांबा आणि भरा, भरलेलं हिशोबात धरा. ऑइल संपलेलं इंजिन जाम होतं. मग धुराचा प्रश्नच मिटतो, वाईट अर्थाने.

असे दोन-तीन आकडे घ्या. एका आकड्याने फार कळत नाही, बघायचं ते हे: आकडा उतरतोय की थांबलाय? उतरत असेल तर रिंगा बसतायत, धीर धरा. एका जागी अडकला असेल, तर वाट बघून उपयोग नाही. कुठेतरी चूक राहिलीये.

०४:५० | जातंय कुठून?

आता चढ शोधा. आम्ही यवतेश्वरचा घाट घेतला.

चढताना, लोडवर निळा धूर येत असेल तर संशय रिंगांवर. उतरताना ॲक्सिलरेटर सोडलेला असतो, तेव्हा इनटेकमध्ये व्हॅक्यूम जास्त असतो आणि तो व्हॉल्व्ह गाईडमधून ऑइल खेचतो. उतार संपल्यावर पाय दिला आणि मागे निळा भपकारा आला, तर व्हॉल्व्हचे सील किंवा गाईड बघा. रात्रभर उभी गाडी सकाळी सुरू केल्यावर एकच भपकारा येऊन थांबला, तरी तेच. म्हणजे काम हेडपुरतं, खालचं इंजिन खोलायची गरज नाही.

पीसीव्ही व्हॉल्व्ह आणि ब्रीदरचा पाइपही बघा. छोटा, स्वस्त पार्ट असतो, पण उघडा अडकला तर ऑइलची वाफ सरळ इनटेकमध्ये.

मग स्पार्क प्लग काढा, कुठला कुठल्या सिलिंडरचा ते लक्षात ठेवून. सगळे सारखेच ओले असतील तर कारण सगळीकडचं: होनिंग, ग्लेझिंग, नाहीतर पीसीव्ही. एकच ओला असेल तर चूक त्या एका सिलिंडरची.

कॉम्प्रेशन टेस्ट जरूर करा, पण ती पास झाली म्हणून रिंगा निर्दोष ठरत नाहीत. ती टेस्ट गॅस किती अडतो ते सांगते, ऑइल किती खरवडलं जातं ते नाही.

०६:०० | आमच्या गाडीचं काय निघालं

पहिल्या ५०० किमीला ४०० मिली. मग जागेवर चालू ठेवणं बंद केलं आणि मी दोन रविवार पुणे हायवेवर वर सांगितल्याप्रमाणे चालवली. पुढचा आकडा ३००. बाबा खूश. त्याच्या पुढचा? परत ३००. थांबला.

घाटात धूर चढताना, उतरताना नाही. कॉम्प्रेशन तिन्ही सिलिंडरमध्ये जवळपास सारखं. आणि प्लग: कडेचे दोन कोरडे, फिकट तपकिरी. मधला काळा, ऑइलने ओला.

हे सगळं एका कागदावर लिहून मी आणि बाबा त्याच मिस्त्रींकडे गेलो. भांडायला नाही. त्यांनी कागद वाचला, प्लग हातात फिरवला आणि म्हणाले, “मधला खोलू, काका.” खोलला. दुसरी रिंग उलटी बसलेली. त्या रिंगवर एक बारीक खूण असते, ती वर यायला हवी. इथे खाली होती. उलटी रिंग ऑइल खाली खरवडायच्या ऐवजी वर ढकलते. मिस्त्रींनी मजुरी घेतली नाही. रिंगा, गॅस्केट आणि ऑइलचे पैसे आम्ही दिले. आता ५०० किमीला डिपस्टिकवर जेमतेम फरक दिसतो.

म्हणजे तिघेही थोडे थोडे बरोबर होते. रिंगा बसायच्या राहिल्या होत्या, इंजिन खोलायलाही लागलं, आणि बाबांचं जपणंही नडलं होतं. पण कुणाचं किती, हे त्या तीन आकड्यांशिवाय कळलंच नसतं. मोठी चूक आपली नव्हती, हे समजल्यावर बाबांनी त्या दिवशी गाडी स्वतः चालवत घरी आणली. तिसऱ्या गिअरमध्ये, दमात.

तुमच्याकडे नुकतं इंजिनकाम झालं असेल, तर आज रात्री एक वही गाडीत ठेवा. उद्या सकाळी, थंड असताना, पहिली नोंद. भेटू पुढच्या एपिसोडला!